एका वर्षाचे दोन कायदे



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा त्यांची अपेक्षा मी संपांविषयी बोलावे अशी होती. तीस वर्षे यंत्रमाग कामगारांत काम करणाऱ्या माणसाने दुसरे काय बोलायचे? परंतु मी त्यांना म्हटले की, या खेपेस मला मुलांविषयी व घराविषयी बोलू द्या. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून. तेव्हा इतिहासाच्या पंडितांनी माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा करू नये. कायद्याच्या पुस्तकात मला एक गोष्ट आढळली, तिने बरीच वर्षे माझा पिच्छा सोडला नाही, आणि ती आज तुमच्यापुढे ठेवावी एवढाच माझा हेतू आहे.

ती गोष्ट अशी. सन १८९१ सालच्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यांची यादी पाहिली तर दहाव्या क्रमांकाचा कायदा आहे तो संमतिवयाचा. त्याच्या लगेच खाली, अकराव्या क्रमांकाचा, आहे फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीचा. दोन्ही मुलांच्या रक्षणासाठी. एकाने लग्न झालेल्या मुलीच्या देहाला बारा वर्षांपर्यंत संरक्षण दिले. दुसऱ्याने गिरणीतल्या मुलाचे किमान वय सातावरून नऊ वर्षांवर नेले आणि चौदा वर्षांच्या आतील मुलाला दिवसाकाठी सात तासांहून अधिक राबवू नये असे सांगितले. एक कायदा घराच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला, दुसरा गिरणीच्या दरवाजाशी. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या दोन कायद्यांचे काय झाले, कोण आत शिरू शकला आणि कोण बाहेरच ताटकळत राहिला, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

प्रथम दहाव्या क्रमांकाकडे वळू.

१८६० साली पीनल कोड झाला, तेव्हा त्यात असे ठरले की दहा वर्षांच्या आतील मुलीशी, मग ती स्वतःची बायको का असेना, पुरुषाने संबंध केला तर तो बलात्काराचा गुन्हा होईल. दहा वर्षे! म्हणजे मुलगी अकराव्या वर्षात शिरली की कायद्याने तिच्यावरचा हात काढून घेतला. यावर पंचवीस वर्षे कोणी फारसे बोलले नाही. १८८४ साली मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली व ती देशभर मतासाठी धाडली. आमच्या महात्मा फुल्यांनीही त्यांवर आपले मत लेखी कळविले. जोतीरावांना हा विषय कागदावरचा नव्हता. १८६३ सालीच त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फसलेल्या विधवेने येथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल येथे ठेवून जावे, अशी सोय त्यांनी केली. कायदा त्या विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा करीत होता, पण ती वेळ तिच्यावर येऊ नये म्हणून काही करीत नव्हता. जे काम सरकारने करायचे ते या नवराबायकोने आपल्या घरात केले.

मलबारींची टिपणे निघाली त्याच साली मुंबईच्या हायकोर्टात एक दावा दाखल झाला. दावा लावणारा दादाजी भिकाजी. प्रतिवादी त्याची बायको रखमाबाई. जातीने सुतार, म्हणजे कारागिरांच्या घरची मुलगी. अकराव्या वर्षी तिचे लग्न लावले गेले, परंतु ती आपल्या आईजवळ आणि सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढली, पुस्तके वाचून शहाणी झाली. नवऱ्याने नांदायला बोलावले तेव्हा ती म्हणाली, ज्या लग्नाला मी संमती दिली नाही ते मी मानीत नाही. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैदेत जा. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. शेवटी १८८८ साली दादाजीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेस आणि राजकोटास त्यांनी बायकांचे दवाखाने चालविले, आणि १९५५ साली वृद्धापकाळी वारल्या.

मंडळी, मी संपवाला माणूस आहे. कामावर न गेल्याबद्दल कामगाराला तुरुंगात टाकण्याचा कायदा या देशात होता. १८५९ सालचा तो करारभंगाचा कायदा. त्या कायद्याचा आणि रखमाबाईंवरच्या हुकुमाचा चेहरा मला एकच दिसतो. देह एकाचा आणि त्यावर हुकूम दुसऱ्याचा. नांदायला न जाणाऱ्या बायकोला कैदेत टाकण्याची तरतूद दिवाणी कायद्यातून निघाली ती १९२३ साली. म्हणजे रखमाबाईंच्या निकालानंतर छत्तीस वर्षांनी.

रखमाबाईंचे प्रकरण निवते न निवते तोच १८९० साली कलकत्त्याहून बातमी आली. फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी लग्नाच्या नवऱ्याच्या बळजोरीने रक्तस्राव होऊन मेली. नवरा हरिमोहन मैती, चांगला वाढलेला पुरुष. खटला झाला. मुलीच्या घरच्या बायकांनी कोर्टात उभे राहून साक्षी दिल्या. परंतु मुलीला दहा वर्षे पुरी झाली होती, तेव्हा बलात्काराचा गुन्हा लागू होईना! निष्काळजीपणाने जबर दुखापत केली, एवढ्याच कलमाखाली त्याला एक वर्षाची सक्तमजुरी मिळाली. कायद्याच्या दृष्टीने एखाद्या गाडीवानाने बेफाम गाडी हाकून माणूस जखमी करावा, तेवढाच हा अपराध.

या घटनेनंतर जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले आणि १९ मार्चला ते पास झाले. वय दहाचे बारा केले, एवढाच काय तो बदल. पण या दोन वर्षांच्या फरकासाठी महाराष्ट्रात जो धुरळा उडाला तो तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. वसंतातली ही व्याख्याने ज्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली ते न्यायमूर्ती रानडे, तसेच आगरकर, तेलंग, डॉक्टर भांडारकर विधेयकाच्या बाजूने होते. भांडारकरांनी तर धर्मग्रंथांचा आधार काढून दाखविला. विरुद्ध बाजूस लोकमान्य टिळक. पुण्यात विधेयकाच्या बाजूने बोलावलेली सभा उधळली गेली.

टिळकांचे नाव काढून त्यांना झोडपण्याचा माझा विचार नाही, आणि ते न्याय्यही होणार नाही. बालविवाह चांगला, असे टिळक म्हणत नव्हते. मुलींचे लग्न सोळाच्या आधी करू नये, अशा अटी सुधारकांनी आधी स्वतःला लावून घ्याव्यात, अशी त्यांची सूचना होती. त्यांचा आक्षेप परक्या सरकारच्या हाती आमच्या घराची किल्ली देण्याला होता. ज्याने देश बळकावला तो उद्या घरात शिरला तर त्याला बाहेर कोण काढणार, ही भीती खोटी नव्हती. परंतु बारा वर्षांच्या आतल्या त्या मुलीला मात्र कोणी विचारले नाही की, बाई, तुला किल्ली कोणाच्या हाती असलेली परवडेल? स्वराज्य येईपर्यंत तिने थांबावे, हा निर्णय तिच्या वतीने मोठ्या माणसांनी घेतला. आणि तिला तर थांबायला वेळच नव्हता.

आता अकराव्या क्रमांकाकडे या, म्हणजे एक मौज दिसेल.

मुंबईच्या गिरण्यांत सहा-सात वर्षांची मुले पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबत होती. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी या मुलांसाठी खटपट केली. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू. सात वर्षांच्या आत काम नाही, सात ते बारापर्यंत नऊ तास, महिन्यातून चार सुट्ट्या. बस्स. मग पुढे आले नारायण मेघाजी लोखंडे, जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. दर आठवड्यास रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई, या त्यातल्या मागण्या. १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार बायांनी भाषणे केली. त्या बायांची नावे इतिहासाने जपली असती तर मी आज त्यांचे फोटो युनियनच्या कचेरीत लावले असते.

या फॅक्टरी कायद्यालाही विरोध झाला. आणि विरोधाचा मुद्दा कोणता? तोच! परके सरकार. लँकेशरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको, म्हणून त्यांना आमच्या मुलांची दया आली आहे, असे त्या वेळच्या बहुतेक राष्ट्रीय पत्रांनी लिहिले. यातही तथ्य होते. लँकेशरच्या मालकांनी पार्लमेंटात दडपण आणले ते काही परळच्या पोरांच्या प्रेमाने नव्हे. पण लोखंड्यांनी फार साधा विचार केला. दार कोणी का ठोठावले असेना, ते उघडल्यावर आतले मूल बाहेर येते की नाही, एवढेच त्यांनी पाहिले. परक्याचा स्वार्थ ओळखूनही आपल्या मुलाचा फायदा सोडायचा नाही, हे शहाणपण या देशातल्या कामगार चळवळीच्या पहिल्या माणसाजवळ होते. आणि याच लोखंड्यांनी १८९० सालीच मुंबईतल्या न्हावी बांधवांची सभा घेऊन, विधवांच्या केशवपनाला आम्ही हात लावणार नाही, असा ठराव करविला. गिरणी आणि घर हे त्यांना निरनिराळे दिसत नव्हते. आम्ही त्यांचे वारस म्हणवतो. आम्ही मात्र त्यांची गिरणी घेतली आणि घर सोडून दिले.

असो. दोन्ही कायदे पास झाले. आता पाहा, त्यांच्या बांधणीत फरक काय होता.

फॅक्टरी कायद्याला पाय होते. इन्स्पेक्टर नावाचा माणूस त्याने नेमला. १८८२ साली मीड किंग नावाचा विलायतेतला इन्स्पेक्टर मुंबईस आणून गिरण्या दाखविल्या गेल्या. मुलाचे वय ठरविण्यास डॉक्टर, त्याचा दाखला, कामाच्या वेळांची नोंद, दंड, सगळे आले. चोऱ्या पुष्कळ झाल्या. डॉक्टर दात पाहून वय ठरवी. मालक मोठ्या पोराचा दाखला लहानाच्या नावावर खपवी. एकच पोर सकाळी एका गिरणीत आणि दुपारी निराळ्या नावाने दुसऱ्या गिरणीत राबे. हे इतके माजले की मुलाला एका दिवशी दोन कारखान्यांत पाठविणाऱ्या आईबापांनाच दंड करण्याची दुरुस्ती १९२६ साली करावी लागली. पण चोरी सापडली, कारण पाहणारा माणूस होता. म्हणून कायदा दर खेपेस सुधारत गेला. १९२२ साली किमान वय बारा झाले, १९४८ साली चौदा. १८९१ मध्ये नऊ वर्षांचे मूल गिरणीत जाऊ शकत होते. सत्तावन्न वर्षांत ती रेघ पाच वर्षांनी वर सरकली.

संमतिवयाच्या कायद्याला पाय दिले नाहीत, उलट बेड्या घातल्या. आरोपी नवरा असेल तर मोठ्या मॅजिस्ट्रेटाखेरीज कोणी खटला चालवायचा नाही, आणि इन्स्पेक्टराहून खालच्या हुद्द्याच्या पोलिसाने तपासात हातही घालायचा नाही. घराची अब्रू राहावी म्हणून ही खबरदारी. तक्रार करायची कोणी? बारा वर्षांच्या आतील मुलीने? सासूने? जन्माची नोंद नाही, लग्नाची नोंद नाही, तर वय सिद्ध कसे करायचे? परिणाम व्हायचा तोच झाला. १९२८ साली सरकारने सर मोरोपंत जोशी या आपल्या वऱ्हाडातल्या गृहस्थांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ती देशभर हिंडली आणि तिला आढळले की, असा काही कायदा आहे हेच लोकांना बहुतांशी माहीत नाही! सदतीस वर्षे जुना कायदा, ज्याच्यापायी सभा उधळल्या गेल्या, तो माजघरापर्यंत पोचलाच नव्हता. समितीने लग्नाचे किमान वय ठरवा, आणि जन्माची व लग्नाची नोंद नीट ठेवा, असे सांगितले.

त्यानंतर आला हरबिलास सारडांचा कायदा. १९२९ च्या सप्टेंबरात पास झाला, १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मुलीला चौदा, मुलाला अठरा. पास होणे आणि अमलात येणे यांच्यामधल्या सहा महिन्यांत लोकांनी काय करावे? घाईघाईने पोरांची लग्ने उरकून घेतली. गावोगाव मांडव पडले. आणि कायदा मोडला तरी शिक्षा किरकोळ, लग्न मात्र कायम! चोराला दंड करायचा आणि चोरीचा माल त्याच्याकडेच ठेवायचा, अशातली ही गत.

स्वराज्य आले. टिळकांची अट पुरी झाली. आता सरकार आपले, किल्ली आपली. मग आपण काय केले? १९४९ साली लग्नाचे वय पंधरा केले, आणि पीनल कोडात नवऱ्यासाठी जी सूट होती तिची रेघ पंधरावर आणली. १९७८ साली लग्नाचे वय मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस झाले. परंतु पीनल कोडातली ती रेघ पंधरावरच राहिली. म्हणजे अठराच्या आत लग्न करणे गुन्हा. पण केलेच, तर पंधरा वर्षांच्या बायकोवर नवऱ्याने जबरी करणे गुन्हा नाही! ही विसंगती कोणत्याही लोकसभेने काढली नाही. ती काढली सुप्रीम कोर्टाने, ११ ऑक्टोबर २०१७ रोजी. १९४९ ते २०१७, मोजून अडुसष्ट वर्षे. २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या न्याय संहितेत आता अठरा हीच मर्यादा लिहिली आहे. अठराच्या वरच्या बायकोच्या बाबतीत ती सूट मात्र तशीच आहे. फुलमणीपासून इथवर यायला एकशे चौतीस वर्षे लागली. हा दोष परक्या सरकारचा म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात तुमच्या युनियनचा संबंध काय? तो सांगतो, आणि हे सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला.

माझे वडील यंत्रमागावर होते. घरामागच्या शेडमध्ये चार माग. मी अकरा वर्षांचा असल्यापासून शाळेच्या आधी आणि शाळेनंतर कांड्या भरीत असे. पुढे शाळाच सुटली. १९४८ चा फॅक्टरी कायदा वीज वापरणाऱ्या, दहा कामगार असलेल्या ठिकाणापासून लागू होई. आमच्या शेडला तो कुठला लागू व्हायला? ते तर घर होते! मला राबविणारा माझा बाप होता, आणि तो काही दुष्ट नव्हता. महिन्याच्या शेवटी हिशेब जुळत नसे, एवढेच. पुढे एका मोठ्या कारखान्यात लागलो. तेथे इन्स्पेक्टर येणार अशी वर्दी आली की लहान पोरांना सुताच्या पोत्यांमागे दडवीत. त्यावर आम्ही पुढे लढलो, पोरे बाहेर काढली. पण त्यांतली निम्मी पोरे दुसऱ्या दिवसापासून आपापल्या घरच्या शेडमध्ये कांड्या भरू लागली, आणि तेथे आमचे काही चालेना. १९८६ चा बालमजुरीचा कायदा झाला त्यात कुटुंबाच्या कामाला सूट. २०१६ साली तो कडक केला, चौदाच्या आत कोणतेच काम नाही असे म्हटले, तरी शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करण्याची सूट ठेवली. म्हणजे माझा अकरावा क्रमांकसुद्धा शेवटी दहाव्यासारखाच उंबरठ्यावर येऊन थांबला.

दुसरी गोष्ट सांगायला मला जड जाते. २००८ साल असेल. आमच्या एका चांगल्या कार्यकर्त्याची बायको युनियनच्या कचेरीत आली. दारातच उभी राहिली. हाताला सूज होती. म्हणाली, “भाऊ, तुम्ही मालकाला वठणीवर आणता, यांना तेवढं सांगा.” मी म्हटले, “वहिनी, तुम्ही घरी जा. मी समजावतो त्याला.” आणि समजावले. त्याने माझ्यासमोर मान खाली घातली आणि घरी जाऊन, तक्रार केलीस म्हणून तिला पुन्हा मारले. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा तेव्हा अमलात येऊन दोन वर्षे होत आली होती. संरक्षण अधिकारी नावाचा माणूस त्यात नेमला आहे, त्याच्याकडे जाता येते, मॅजिस्ट्रेट तिला त्याच घरात राहण्याचा हक्क देऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हते. बोनसचा कायदा मला तोंडपाठ होता. हा मी वाचलाच नव्हता, कारण तो कामगारांचा कायदा नाही असे मी समजत होतो. ती बाई मुलांना घेऊन माहेरी गेली. धाकट्या मुलीची शाळा सुटली, आणि पंधराव्या वर्षी तिचे लग्न झाले. त्या लग्नाला मी गेलो होतो. पहिल्या पंगतीला बसून जेवलो.

मंडळी, ‘हा त्यांचा घरचा प्रश्न’ असे म्हणणारा मीच होतो. मालक कारखान्याच्या दारात उभा राहून नेमके हेच म्हणत असे: हा आमचा आतला प्रश्न. त्याला मी तीस वर्षे उत्तर देत आलो आणि तेच वाक्य स्वतः बोललो.

तेव्हापासून मी कायदा पुन्हा वाचायला लागलो. १९८३ साली बायकोच्या छळाबद्दलचे ४९८-अ हे कलम आले, ते आता न्याय संहितेत निराळ्या क्रमांकांनी आहे. त्याने नवऱ्याला शिक्षा होते. पण तिने रात्री निजायचे कोठे, याचे उत्तर त्यात नव्हते. ते उत्तर २००५ च्या कायद्याने प्रथम दिले. आणि माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट केली: उंबरठ्याच्या आत जाणारा एक माणूस नेमला. लोखंड्यांच्या काळी गिरणीला जो इन्स्पेक्टर मिळाला तो घराला मिळायला आणखी शंभरावर वर्षे लागली. २००६ च्या कायद्याने बालविवाह रोखायला अधिकारी नेमले. आपल्या राज्यात खेड्यात ते काम ग्रामसेवकाकडे आले. २०१२ साली मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा निराळा कायदा झाला, त्यात असा गुन्हा ठाऊक असून कळविला नाही तर तोही अपराध ठरविला. म्हणजे शेजाऱ्याने, मास्तराने, कार्यकर्त्याने ‘घरचा प्रश्न’ म्हणून तोंड फिरविण्याची सोय मुलांपुरती तरी कायद्याने काढून घेतली.

पण येथे मी कायद्याची आरती ओवाळून थांबणार नाही. फॅक्टरी कायद्याने मला एवढे शिकविले आहे की इन्स्पेक्टर एकटा काही करू शकत नाही. गिरणीत त्याला खरी माहिती मिळे ती कामगारांकडून, आणि कामगार बोलत ते पाठीशी संघटना असेल तेव्हा. संरक्षण अधिकाऱ्याचे काम पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या कामाच्या जोडीला लावून दिले जाते. ग्रामसेवक त्याच गावात राहतो, त्याच मांडवात त्याला जेवायचे असते. त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार?

आणि दुसरे, पोटाचा प्रश्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. या आपल्या पुढारलेल्या राज्यात! मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या पाहा. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला कोयता मिळत नाही. सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचे, वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून तिचे लग्न लावून टाकतात. तो बाप माझ्या बापासारखाच असतो. दुष्ट नव्हे, हिशेब न जुळणारा. नुसता पोलीस त्या मांडवात पाठविलात तर लग्न दुसऱ्या गावी रात्री लागेल. उचलीची पद्धत मोडली, मुलीसाठी गावात वसतिगृह झाले, मजुरी माणशी मिळू लागली, तर ते लग्न आपोआप लांबेल. दहावा क्रमांक अकराव्यावाचून लंगडा आहे.

उलटेही खरे. मजुरी वाढली की घरातला मार थांबतो, असे मी तरुणपणी मानीत होतो. ते खोटे आहे. त्या कार्यकर्त्याचा पगार आम्हीच वाढवून दिला होता. बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी बोलले, आणि पुढे हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदावरून उतरले. दोन्ही लढाया त्यांना एकच वाटत होत्या. लोखंड्यांना वाटत होत्या तशाच.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. सन १८९१ च्या यादीत हे दोन कायदे शेजारी शेजारी छापले गेले, पण आपण त्यांना दोन कपाटांत ठेवले. एक समाजसुधारकांच्या, दुसरे कामगार पुढाऱ्यांच्या. ते एका कपाटात आणले पाहिजेत. आमच्या युनियनने गेली काही वर्षे एक लहानशी सुरुवात केली आहे. कचेरीत फळ्यावर पगाराच्या दराशेजारी संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता आणि मुलांसाठीचा १०९८ हा फोन नंबर लिहिलेला असतो. सभासदाची बायको आली तर तिला सभासदाची बायको म्हणून नव्हे, तक्रारदार म्हणून खुर्ची द्यायची, असा ठराव आम्ही केला. ठरावाला विरोध झाला. काही जुने सहकारी युनियन सोडून गेले. संप फुटला तेव्हा जेवढे वाईट वाटले होते तेवढेच तेव्हाही वाटले.

ती वहिनी पुन्हा कधी कचेरीत आली नाही. तिची मुलगी, जिच्या लग्नात मी जेवलो, ती मात्र दोन वर्षांपूर्वी आली होती. आता तिची स्वतःची मुलगी शाळेत जाते. तिला त्या मुलीच्या जन्माचा दाखला नगरपालिकेतून काढून हवा होता. कसा काढायचा, एवढेच विचारायला आली होती. मी तिच्याबरोबर गेलो. दाखला हाती आल्यावर तिने तो दोनदा वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, “आता हिचं वय कोणाला खोटं सांगता यायचं नाही.”

जोशी समितीने जे मागितले होते ते हेच.